तुमच्या लेथला मी वंगण पाजलं

मोठेबाबा,

परवा रविवारी आम्ही तुमचा लेथ खोलला. दारव्ह्याहून तुमच्या गिरणीतले चाचा आले होते, बाबा होते, आणि मोठी आई शेडच्या दारात पाट टाकून बसली होती. आतून काय निघालं ते सांगायला मी कधीची उतावीळ झाले आहे. पण त्याआधी माझी चूक मला माझ्या तोंडानं सांगू द्या. तुम्ही समोर असता तर ती सांगूच दिली नसती. "जाऊ दे न वं पोरी," म्हणून उठून गेला असता.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. लोक अजून येतात. कोणाच्या चक्कीचा शाफ्ट तुम्ही भर हंगामात करून दिला होता, कोणाच्या पेरणी यंत्राचं बुश. एक म्हातारे तर लुगड्याच्या चिंधीत बांधून एक पिन घेऊन आले. ती तुम्ही केलेली होती, अजून झिजली नाही, एवढंच दाखवायला. मोठी आई सगळ्यांसमोर बसते आणि ऐकते. मीही ऐकत होते, पण मान खाली घालून. कारण येणाऱ्या प्रत्येकाजवळ तुमची एक चांगली आठवण होती, आणि माझ्याजवळ उन्हाळ्यात तुम्हाला बोललेलं एक वाक्य होतं.

ते वाक्य मी नंतर लिहीन. मला थोडा धीर येऊ द्या.

तुमचा लेथ माझ्या बाबांच्या, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाच्या, लग्नाआधीपासून आमच्या घरी आहे. सूतगिरणीच्या वर्कशॉपात तुम्ही टर्नर होता, लेथवर लोखंड कातायचे. गिरणी बंद पडली, तिथलं सामान निघालं, तेव्हा लोकांनी पंखे आणि कपाटं उचलली. तुम्ही मात्र ज्याच्यावर रोज काम केलं तोच लेथ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून बोरीला आणला आणि घराला लागून टिनाचं शेड टाकलं. तुम्हाला आणि मोठ्या आईला मूलबाळ झालं नाही. कोणी तो विषय काढला की मोठी आई म्हणायची, "लोकायचे लेकरं शाळेत जाते. आमचं शेडात उभं हाय, अन् रोज तेल पेते."

तेल तो खरंच खूप प्यायचा. अमरावतीला इंजिनियरिंगच्या कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा मला ते खटकलं. आमच्या कॉलेजातल्या लेथना तेलाची टाकी आहे, काचेतून पातळी दिसते. तुमच्या लेथला तसलं काही नाही. ज्या जाड दांड्यावर काम पकडणारा चक बसतो त्या स्पिंडलच्या वर, हेडस्टॉक म्हणतात त्या डोक्यावर, झाकणाच्या दोन लहान वाट्या आहेत. त्यात तेल टाकायचं. वाटीतल्या लोकरीच्या वातीवरून ते थेंबथेंब खाली उतरतं, गनमेटलच्या बुशात, म्हणजे पितळेसारख्या नळीत, फिरणाऱ्या स्पिंडलला भिजवतं आणि दोन्ही बाजूंनी गळून जातं. रोज टाका, रोज गळू द्या. खाली तुम्ही पोत्याचा तुकडा अंथरलेला असायचा, तो कायम काळा आणि ओला.

"किती तेल वाया जातं मोठेबाबा," मी म्हणायची.

"वाया कायले जाते? आतली घाण घेऊन बाहीर येते. गळते मनून चालते तो."

"आमच्याकडचे गळत नाहीत."

"तुमच्याकडचे कालचे हाय. हा गिरणीतून रिटायर झालेला हाय. म्हताऱ्याले थोडं सांडू द्याव."

यावर तुम्ही असे हसायचे की मीही हसायची. पण मी हरले असंही मला वाटायचं नाही. एका वादात तर मी जिंकले होते. बेडवर, म्हणजे ज्यावरून सगळं सामान पुढं-मागं सरकतं त्या लोखंडी रुळांवर, तुम्ही ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल लावायचे. त्यात काजळी असते, बारीक लोखंड असतं, ते बेडला घासतं, हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही दोन बोटांत ते ऑइल चोळून पाहिलं, आणखी एकदा चोळलं आणि म्हणाले, "खरं हाय. कचकच लागते." त्या दिवसापासून तुम्ही ते बंद केलं. तीस वर्षांची सवय माझ्या एका वाक्यावर सोडून दिली. मी किती फुगले होते तेव्हा! पुढची चूक त्या फुगण्यातूनच झाली, असं मला आता वाटतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्यासाठी तक्ता तयार केला. तुम्ही मागितला नव्हता. मोठ्या कार्डशीटवर दोन रंगांच्या पेनांनी, पट्टीनं रेघा आखून. डावीकडे भागाचं नाव, मधे किती दिवसांनी, उजवीकडे काय करायचं. हेडस्टॉकच्या वाट्या, दररोज, काम सुरू करण्यापूर्वी वंगण द्यावे. सॅडल, दररोज, वंगण द्यावे. गियर, आठवड्यातून एकदा, वंगण द्यावे. सगळीकडे 'वंगण द्यावे.' मी 'तेल' का लिहिलं नाही, याचा मी या तीन आठवड्यांत खूप विचार केला. दुसरं काही कारण सापडत नाही. 'तेल' लिहिलं तर ते घरातलं वाटेल, शिकलेल्या माणसानं लिहिल्यासारखं वाटणार नाही, एवढंच होतं.

पुस्तकात वंगण म्हणजे तेलही आणि ग्रीसही. पण आपल्या बोरीत वंगण म्हणजे काय, हे मला माहीत असायला हवं होतं. आपल्याकडे वंगण म्हणजे बैलबंडीच्या आसाला लावायचं ते काळं, चिकट, घट्ट. बंडीखाली नळकांड्यात लटकलेलं असायचं ते. तुमच्या वडिलांनी, माझ्या आजोबांनी, जन्मभर दुसऱ्यांच्या बंड्यांना ते लावलं. त्यांच्या नखांतलं काळं मेल्यावरसुद्धा निघालं नव्हतं, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. आणि आता हार्डवेअरच्या दुकानात 'वंगन द्या' म्हटलं की दुकानदार ग्रीसचा डबा काढून देतो.

तो तक्ता तुम्ही भिंतीवर लावला. आधी चार खिळे ठोकले, मग प्लास्टिक आणून त्यावर चढवलं, तेलाचे हात लागू नयेत म्हणून. दोन दिवस जो येईल त्याला दाखवत होता. "आमच्या पोरीनं लिहिलं." मी तोवर अमरावतीला परत गेले होते. हे सगळं मला नंतर कळलं.

मला तुमचं अमरावतीला येणं आठवतं. ॲडमिशनच्या दिवशी बाबांना काम मिळालं होतं म्हणून तुम्ही आला होता, पांढरा शर्ट घालून. आपल्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे कोणत्या खिडकीवर काय द्यायचं हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही. आपण दोघं तीन वेळा चुकीच्या रांगेत उभे राहिलो. फॉर्म भरून बाहेर आले तर तुम्ही जागेवर नव्हते. शोधत शोधत गेले, तर तुम्ही वर्कशॉपात. एका लेथच्या बेडवरून बोट फिरवत होता. तिथले सर विचारत होते, "कोण पाहिजे तुम्हाला?" आणि तुम्ही बोट वर करून त्यांना दाखवलं, "साहेब, याले कोनी तेल देत नाई काय?" मला तेव्हा लाज वाटली होती. खोटं कशाला सांगू? मी तुमचा हात धरून तुम्हाला बाहेर ओढलं होतं. रस्त्यावर आल्यावर तुम्ही म्हणाले, "चांगलं कॉलेज हाय. फक्त तेल कमी हाय."

जानेवारीत मी दोन दिवसांसाठी घरी आले. शेडात गेले तर लेथखाली पोत्याचा तुकडा कोरडा. नवाच होता, आणि कोरडा.

"बघा," मी म्हटलं, "माझ्या तक्त्यानं गळती थांबली की नाही?"

तुम्ही चकची चावी पुसत राहिला. मला वाटलं, हरल्यामुळे गप्प आहात. मोठेबाबा, तुमच्या लेथची गळती थांबली म्हणजे त्याच्या पोटात तेल जात नाही, हे मला त्या क्षणी समजायला हवं होतं. तुम्ही स्वतः मला ते दहा वेळा सांगितलं होतं. पण मी कोरड्या पोत्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

मग मे महिना, परीक्षेआधीची सुट्टी. शेडाला कुलूप.

"कुलूप काहून हाय?" घरी आले की माझी भाषाही आपोआप घरची होते.

"ऊन हाय."

"आधी काय बोरीत ऊन नव्हतं?"

"आता वय झालं वं."

चार दिवस मी पाहिलं. कामं घेऊन लोक यायचे आणि तुम्ही त्यांना दारव्ह्याला पाठवायचे. पाचव्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "वय नाही झालं. तुम्हाला नवीन काही शिकायचंच नाही. सगळं लिहून दिलं, भिंतीला लावून दिलं, तरी तुम्हाला शिकायचं नाही."

हे ते वाक्य.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचा दुपट्टा घेतला, डोक्याला बांधला आणि बाहेर जाताना मोठ्या आईला म्हणाले, "चाय मांड वं. इंजिनियर तापली."

त्यानंतर आपण फोनवर बोलत होतो. जेवली काय, पाणी आलं काय, पेपर कसे गेले. लेथचं नाव तुम्ही काढलं नाही आणि मीही काढलं नाही. मला वाटलं, दसऱ्याला येईन तेव्हा बोलू. पोळ्याच्या दोन दिवस आधी सकाळी बाबांचा फोन आला. तुम्ही अंगणात खाटेवर बसून चहा प्यायला आणि बशी खाली ठेवायच्या आतच गेला. त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात. मोठी आईही म्हणते, आणि ती शेजारीच बसली होती, म्हणून मी मानते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी मांडव सोडता सोडता बाबा म्हणाले, "लेथ आता भंगारात द्या लागन. दारव्ह्याचा एक जन गाडी आनतो म्हनते."

"काहून? चालवणारा नाही म्हणून?"

"चालत बी नाई न. बसला तो."

"कधी?"

बाबा दोरीची गाठ सोडत राहिले. ते गवंडी आहेत, त्यांच्या हातून कधी गाठ अडत नाही. त्या दिवशी अडली होती.

"होळीपासून. तापे लय. हात ठेववत नव्हता. मंग दादानं बंदच केला."

"मला कोणी काहून नाही सांगितलं?"

"दादानं सांगू नको मनलतं." मग त्यांनी दोरी सोडून दिली. "तू तो कागद लावला न भितीले. वंगन द्या मनून. दादानं ग्रीसचा डबा आनला अन् वाट्या भरल्या. रोज भरे. म्या मनलं, दादा, यात तं तेल टाकते न आपन. तं मने, नवीन शोध निघाला असंन. ते शिकून राह्यली, तिले जास्त समजते."

मला त्यानंतर बाबा काय बोलले ते आठवत नाही. मला एवढंच दिसत होतं की तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस बोटानं ग्रीस वाटीत दाबतो आहे. त्याच्या हाताला माहीत आहे की हे चूक आहे. पण भिंतीवर लिहिलं आहे आणि ते घरच्या पोरीनं लिहिलं आहे, म्हणून तो दाबतो आहे. आणि मग त्याच पोरीनं त्याला तोंडावर म्हटलं, तुम्हाला शिकायचंच नाही.

मला दोन गोष्टींची भीती होती. स्पिंडल घासून खराब झालं असेल, लेथ कायमचा गेला असेल, ही एक. दुसरी मी कोणालाच सांगितली नाही. तुम्ही माझ्यावर दुखावले जाऊन गेला असाल, ही.

मी बाबांना म्हटलं, गाडीवाल्याला थांबवा, मी खोलून पाहते. बाबा म्हणाले, तुह्या एकटीनं होनार नाई. म्हणून त्यांनी चाचांना बोलावलं. गिरणीत तुमच्या शेजारच्या लेथवर काम करणारे चाचा. आता त्यांना जवळचं कमी दिसतं. आल्या आल्या ते लेथसमोर उभे राहिले, हेडस्टॉकवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग डोळे पुसून एकदम कामाचं बोलायला लागले. "पाने काढ. पयले पट्टा उतरव. चक उतरव. अन् कॅप काढाच्या आदी पंचनं खुना कर, कोनती कुठची ते. तुह्या मोठेबाबाले खुना न करता खोललेलं चालत नव्हतं."

खुणा केल्या. बोल्ट ढिले केले. वाट्यांची झाकणं उघडली तर आत पिवळं ग्रीस, वर धूळ बसून त्याची साय झालेली. ते चमच्यानं काढलं. खाली वाती, लोकरीच्या, ग्रीसनं माखून दगड झालेल्या. त्यांच्यातून थेंबसुद्धा खाली गेला नसता. मी ती वात हातात घेऊन बसले आणि मला रडू यायला लागलं.

चाचा खाली वाकून डिझेलच्या घमेल्यात बोल्ट धूत होते. म्हणाले, "कायले रडतं? तुले सांगतलं नाई त्यानं?"

"काय?"

"का आमच्या पोरीनं लेथले वंगन पाजलं मनून."

मी वात खाली ठेवली. "त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"मले? साऱ्या दारव्ह्याले सांगतलं बेटी. हाटेलात बसून. हसता हसता चाय नाकात गेली त्याच्या. म्या मनलं, अबे, पोरीनं लिहिलं, पाजलं कोनं? तं मने, म्याच पाजलं! तीस वर्साचा मिस्त्री मी, अन् लेथले बंडी समजलो."

दारातून मोठी आई म्हणाली, "मले तं मने, तुह्या सासऱ्याचा हात आला माह्या अंगात."

"राग नव्हता आला त्यांना?" मी विचारलं.

"राग?" चाचांनी बोल्ट फडक्यावर ठेवला. "खुश होता तो. मने, पोरगी इतकी शिकली का तिनं लिहिलेलं मले समजत नाई. आता अजून काय पायजे, मने."

"मग मला का नाही सांगितलं? मी त्यांना मे महिन्यात काय काय बोलले..."

"ते बी सांगतलं. इंजिनियर तापली मने." चाचा हसले. "मने, आता सांगतलं तं रडत बसन अन् पेपर खराब करन. दसऱ्याले येते तवा तिच्याच हातानं खोलाचा हाय. खोलून पाह्यलेलं जनमभर नाई भुलत मानूस. म्या मनलं, तवापर्यंत धंदा बंद ठेवतं काय? तं मने, ठेवतो न. काय होते?"

मोठेबाबा, लहानपणापासून दसऱ्याचा दिवस म्हणजे आपल्याकडे लेथच्या आंघोळीचा दिवस. बाकीच्या वर्कशॉपांत खंडेनवमीला मशीनला हार, नारळ. तुम्ही म्हणायचे, "याले फुलं नाई लागत, तेल लागते," आणि अशोक विजयादशमीच्या सकाळी त्याचा एक एक भाग उतरवून धुवायचे, संध्याकाळी पांढरा शर्ट घालून विहारात जायचे. या वर्षीची ती आंघोळ तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवली होती. होळीपासून तुम्ही शेडाला कुलूप लावून बसला होता, ते माझी वाट पाहत. आणि मी समजत होते की तुम्ही मला टाळत आहात.

हे कळल्यावर माझ्या छातीवरून काय उतरलं, ते मला नीट लिहिता येत नाही. मी एवढंच सांगू शकते की त्यानंतर मला भूक लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मोठ्या आईनं भाकर आणि तिखट आणलं, आणि आम्ही शेडातच, डिझेलच्या वासात, हात नीट न धुता जेवलो.

मग बुशांवरच्या कॅप काढल्या. त्यांच्याखालच्या पातळ पत्र्या कोणत्या बाजूच्या ते कागदावर मांडून ठेवलं. बाबांनी आणि मी स्पिंडल दोन्हीकडून उचललं आणि फळीवर ठेवलं. ग्रीस पुसलं. चाचा म्हणाले, "मले दिसत नाई. तू नख फिरव."

आडवं नख फिरवायचं. कुठं अडलं तर तिथं चरा आहे, लोखंड खाल्लं गेलं आहे. मी आधी हात पुसले. मग पुन्हा पुसले. पुढच्या बाजूनं नख फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अडलं नाही. स्पिंडल थोडं फिरवून पुन्हा. अडलं नाही. मागच्या बाजूला फिरवलं, तिथंही नाही. मागच्या बुशात मात्र एक रेघ होती, केसाएवढी. चाचांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे काहीच नाई. घासून देतो." मग मला विचारलं, "काहून वाचलं, सांग."

मी विचार केला. "गरम झाल्याबरोबर त्यांनी बंद केला म्हणून."

"ते हायच. अन् ग्रीस बी काही जहर नाई. हळू फिरवलं तं चारेक महिने सांभाळते. मंग हार मानते. पन दुसरा असता तं चालवतच राह्यला असता. त्याचा हात रोज हेडस्टॉकवर जाये न, कपाळाले हात लावतो तसा. मनून समजलं."

दुपारभर आम्ही वाट्या, भोकं, वाती साफ केल्या. घासलेट आता मिळत नाही, म्हणून डिझेलनं. बारीक भोकांत ग्रीस अडकलं होतं ते तारेनं ढिलं केलं आणि सायकलच्या पंपानं हवा मारून उडवलं. एक ढेकूळ उडून बाबांच्या मिशीवर बसलं. मोठी आई पदर तोंडाला लावून हसली. आपल्या घरात कोणी इतक्या दिवसांनी हसलं, आणि हसून झाल्यावर तिनं तुमच्या खाटेकडे पाहिलं, आणि तरी परत हसली. लोकरीच्या नव्या वाती तिनंच वळल्या, माझा जुना स्वेटर उसवून. अडुसष्ट नंबरचं पातळ तेल मी मधे एकदा अमरावतीला जाऊन आणलं होतं. ते वाट्यांत टाकलं, खुणा जुळवून सगळं बसवलं, आणि आधी हातानं स्पिंडल फिरवलं. फिरलं. पट्टा चढवला. बटण दाबलं. दहा मिनिटं झाली आणि लाइन गेली. सगळे तसेच बसून राहिलो, कोणी उठलं नाही. लाइन आली, पुन्हा सुरू केला, अर्धा तास चालू दिला. चाचांनी मला हात ठेवायला सांगितला. कोमट होता, व्हावा तेवढाच. हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ तेलाचे थेंब गळायला लागले आणि मला त्यांच्यावर पोतं अंथरायचंही सुचलं नाही.

मोठेबाबा, आता मला जे सांगायचं राहिलं ते सांगते. तुम्हाला शिकायचं नाही, असं मी म्हटलं. पण आपल्या दोघांत शिकत तुम्हीच होता. जळकं ऑइल सोडलं, ते शिकणं होतं. ग्रीस भरलं, तेही शिकणंच होतं. मी चूक शिकवलं आणि तुम्ही ते पूर्ण मनानं शिकला. शिकत नव्हते ती मी. इतकी वर्षं तुमच्याजवळ राहून मला हे समजलं नव्हतं की गळणारं तेल वाया जात नाही, आणि आपल्या घरात ज्या शब्दाचा जो अर्थ आहे तोच आधी धरायचा असतो. मी तुमची माफी मागणार होते. चाचांचं ऐकल्यावर वाटतं, तुम्ही ती मागूच दिली नसती, आणि बहुतेक त्याची गरजही नव्हती. तरी मागते. तेवढं मला करू द्या.

जळक्या ऑइलचं मात्र मीच बरोबर होते. ते मी सोडणार नाही.

गाडीवाल्याला बाबांनी नाही म्हणून कळवलं. लेथ राहील. सुट्टीत मी चालवीन, मधल्या दिवसांत चाचा जमेल तसे येतील. उभं मशीन गंजतं, म्हणून आठवड्यातून दोनदा तेल देऊन हातानं फिरवायचं काम मोठ्या आईनं मागून घेतलं. भिंतीवरचा तक्ता काढून टाकू का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, राहू दे, मले कुठं वाचता येते. मग मी तिचं बोट धरून एकेका भोकावर ठेवलं. इथं तेल. इथं तेल. इथं ग्रीस, फक्त या गियरले. ती प्रत्येक ठिकाणी थांबून म्हणायची, "हे तेलाचं," आणि पुढं जायची. तिनं तिसऱ्यांदा सगळं न चुकता सांगितलं.

आज सकाळी मी अमरावतीच्या गाडीत बसले. दारव्हा मागं पडलं आणि फोन वाजला. मोठी आई होती. आवाज घाबरलेला.

"प्रज्ञा, माह्या हातून तेल लय पडलं वं. वाटी भरून खाली वघळ गेला. आता लेथले काही होइन काय? तुह्या बाबाले सांगू नको."

गाडीत गर्दी होती, मला मोठ्यानं बोलावं लागलं.

"काही होत नाही, मोठी आई," मी म्हटलं. "फडक्यानं पुसून घे, अन् हळूच फिरव."